शिक्षक बदलले की बिथरणाऱ्या मुलाला कसे सावरावे

जिल्हा परिषदेच्या बदल्यांची यादी लागते आणि गावातल्या शाळेचे सर दुसऱ्या तालुक्यात जातात. बहुतेक मुले दोन दिवस नव्या मॅडमकडे टकामका बघतात आणि रुळतात. पण जे मूल चटकन चिडते, वर्गाबाहेर पळते किंवा ताट भिरकावते, त्याच्यासाठी जुने सर म्हणजे दिवसाचा अंदाज असतो. रडू आले की कुठे बसायचे, आवाज चढला की पुढे काय होणार, हे त्याला पाठ असते. सर गेले की हा अंदाजच हरवतो. ते वागणे हट्ट म्हणून मोजले, तर पुढचे सगळे उपाय चुकतात.

आधी नोंद करा

सर जाण्यापूर्वीचे दोन आठवडे एका वहीत चार रकाने आखा: वेळ, त्याआधी काय झाले, मुलाने काय केले, मोठ्यांनी काय केल्यावर ते शांत झाले. उदाहरणार्थ: '१२.४०, खिचडीच्या रांगेत मागून धक्का लागला, ताट फेकले, ओट्यावर एकटे बसू दिले, ५ मिनिटांत शांत.' अशा दहा-बारा नोंदी झाल्या की ठरावीक वेळा आणि ठरावीक कारणे आपोआप दिसू लागतात. रांग, गोंगाट, भूक, अचानक बदललेला तास, फळ्यावरचे उतरवून घेणे, यांतलेच काहीतरी बहुधा निघते.

या नोंदींवरून एकच पान तयार करा. मुलाला काय आवडते, कशाने बिनसते, बिनसण्याआधीची खूण कोणती (कान झाकणे, पाय आपटणे, एकदम गप्प होणे), काय केल्याने शांत होते आणि काय केल्याने भडका वाढतो, एवढे पुरे. 'खोडकर', 'बिघडलेला' असे शब्द त्यात नकोत. नव्या शिक्षकांना पहिल्याच दिवशी अशा शब्दांच्या चष्म्याची काच मिळाली, तर ती महिनोन्‌महिने डोळ्यांवर राहते.

खानदेशात या पानावर भाषेची ओळ हवीच. घरी अहिराणी बोलणारे मूल शांत असताना प्रमाण मराठी बोलेल, पण चिडले की 'माले घर जानं शे', 'पोट दुखस' हेच तोंडातून येईल. जुन्या सरांना ते कळत होते. दुसऱ्या जिल्ह्यातून आलेल्या मॅडम 'नीट बोल' म्हणाल्या, तर मुलाला वाटते आपले कुणी ऐकतच नाही. त्याचे नेहमीचे आठ-दहा शब्द अर्थासह लिहून द्या. सातपुड्यातल्या पावरी, भिली बोलणाऱ्या मुलांसाठी ही यादी अधिकच गरजेची.

मुलाला केव्हा आणि कसे सांगावे

लहान मुलाला साधारण एक आठवडा आधी सांगा, चौथी-पाचवीच्या पुढे दोन आठवडे. फार आधी सांगितले तर रोज तीच चिंता उगाळली जाते, आयत्या वेळी सांगितले तर फसवल्यासारखे वाटते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर शेवटच्या दिवसाला खूण करून रोज एक दिवस खोडा. शब्द साधे ठेवा: 'सरांची बदली झाली. ते आता दुसऱ्या गावी शिकवणार. तू काही केलंस म्हणून ते जात नाहीत.' शेवटचे वाक्य दोन-तीनदा सांगा, कारण आपल्या मारामारीमुळेच सर गेले, असे ही मुले मनाशी धरून बसतात. 'सर सुट्टीवर गेलेत, येतील' अशी थाप मात्र मारू नका. मूल रोज दाराकडे बघत बसते.

सर बदलीऐवजी निवृत्त होणार असतील, तर तारीख बरीच आधी ठाऊक असते, तेव्हा निरोपाला दहा मिनिटे सहज काढता येतात. सरांसोबत एक फोटो, आणि जमले तर जुने सर, नव्या मॅडम आणि मूल असा तिघांचा. तो फोटो वहीत चिकटवा.

पहिले तीन आठवडे

शाळा रिकामी असताना, भरण्याआधी किंवा सुटल्यावर, मूल आणि नव्या मॅडम यांची १५ मिनिटांची भेट घडवा. अभ्यास विचारू नये. मुलाने शाळा दाखवावी: पाण्याची टाकी, त्याची बसायची जागा, घंटा.

मग तीन गोष्टी जशाच्या तशा ठेवायला सांगा: बसायची जागा, रोजचे काम (घंटा देणे, हजेरी नेऊन देणे) आणि बिनसू लागले की थोडे वर्गाबाहेर जायचे आहे हे सांगायची खूण. नव्या शिक्षकांना बैठक बदलायची असते, ते साहजिक आहे. पण या मुलापुरते ते तीन आठवडे लांबवा. शिवाय शाळेतले एक न बदलणारे माणूस ठरवा. खिचडी करणाऱ्या मावशी किंवा शेजारच्या वर्गाच्या मॅडम रोज सकाळी नावाने हाक मारतील, एवढेही खूप असते.

पहिले चार-पाच दिवस मूल शहाण्यासारखे वागले, तर हुरळून जाऊ नका. ते नव्या माणसाचा अंदाज घेत असते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ते मर्यादा तपासून पाहते आणि तेव्हाच भडका उडतो. नेमक्या याच वेळी 'आता हा मुद्दाम करतोय' म्हणून उपाय सोडले जातात. पानावरचेच, त्याच शांत आवाजात, चालू ठेवा. घरातही 'आधीचे सर किती चांगले होते' ही तुलना मुलासमोर करू नका.

आश्रमशाळेत वसतिगृह सांभाळणारे अधीक्षक बदलले की मुलाची रात्रही बदलते. ऊसतोडीसाठी आई-वडील बाहेरगावी जाण्याचे दिवस आणि हा बदल एकत्र आले, तर वसतिगृहातल्या माणसालाही तेच पान द्या आणि घरचा फोन ठरावीक वारी, ठरावीक वेळी येऊ द्या.

मदत कुठे मागावी

दीड महिन्यानंतरही मारणे किंवा स्वतःला इजा करणे थांबले नाही, झोप-जेवण बिघडले, तर वाट पाहू नका. मुख्याध्यापकांमार्फत गटसाधन केंद्रातल्या (तालुक्यातल्या शाळांना मदत करणारे शिक्षण विभागाचे केंद्र) समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना बोलवा. जिल्हा रुग्णालयात बालमानसिक तपासणीबद्दल विचारा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. शाळेत मारहाण किंवा अपमान होत असेल, तर शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार त्याला बंदी आहे. तक्रार मुख्याध्यापकांकडे लेखी द्या, सोबत नोंदवहीच्या प्रती जोडा आणि पोच घ्या.