लूप चालला, पण फायली खरंच वाचल्या का? या चुका टाळा

पायथनचा लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोड) एरर देऊन थांबला तर नशीब समजा, निदान कळतं तरी. पंचाईत होते ती स्क्रिप्ट निमूट शेवटपर्यंत चालते आणि आकडे भलतेच येतात तेव्हा. समजा, महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांच्या पावसाच्या ३६ सीएसव्ही फायली एका फोल्डरमध्ये आहेत आणि पांडास ही पायथनची डेटा हाताळणारी लायब्ररी वापरून त्या एकत्र करायच्या आहेत.

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे लूपच्या आत 'डेटा' या व्हेरिएबलमध्ये फाइल वाचायची आणि लूप संपल्यावर तेच सेव्ह करायचं. दर फेरीला आधीचा जिल्हा पुसला जातो. फायलींची नावं इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावली असतील, तर शेवटी हाती उरतं फक्त यवतमाळ. रिकामी लिस्ट लूपच्या आधी करा, आत वाचलेली प्रत्येक फाइल तिला अपेंड करा (शेवटी जोडा) आणि लूपच्या बाहेर एकदाच कॉन्कॅट करा (सगळे तक्ते एकत्र जोडा). ती लिस्टच लूपच्या आत केलीत तर पुन्हा यवतमाळ! जुन्या ट्युटोरियलमध्ये डेटाफ्रेमचं, म्हणजे पांडासमधल्या तक्त्याचं, अपेंड दिसेल. ते पांडास २.० मध्ये, २०२३ साली, काढून टाकलंय. लिस्टचं अपेंड मात्र बिनधास्त वापरा.

फोल्डरमधल्या फायली शोधून देणाऱ्या ग्लॉबला एकही फाइल सापडली नाही तरी तो तक्रार करत नाही, रिकामी लिस्ट देतो. लूप एकदाही फिरत नाही आणि एरर येतो तो खाली कॉन्कॅटच्या ओळीवर. मग माणूस कॉन्कॅटमध्येच डोकं घालून बसतो, चूक असते पाथमध्ये, म्हणजे फोल्डरच्या पत्त्यात. ग्लॉबच्या लगेच खाली लिस्टची लांबी प्रिंट करा. ३६ आलं नाही तर पुढे जाऊच नका.

ग्लॉब फायली कोणत्या क्रमाने देईल याचीही खात्री नसते, म्हणून क्रमाने लावणारं सॉर्टेड लावा. तरीही फायलींची नावं महिन्यांची असतील तर महिना१ नंतर महिना१० येतो आणि मग महिना२, कारण क्रम अक्षरांचा असतो. नावं देतानाच ०१, ०२ लिहा.

आता माझ्या मते सगळ्यात बेरकी चूक. एकत्र केलेली फाइल त्याच फोल्डरमध्ये सेव्ह केली, की पुढच्या वेळी ग्लॉब तीही उचलतो. दुसऱ्या रनला पाऊस दुप्पट, तिसऱ्याला तिप्पट. एरर कुठेच नाही. आउटपुटचं फोल्डर वेगळंच ठेवा.

एरर नको म्हणून ट्राय-एक्सेप्ट (एरर पकडणारा कोड) लावून आत नुसतं पास (म्हणजे 'काहीच करू नको') लिहिणं तर टाळाच. फाइल उघडली नाही तर निदान तिचं नाव प्रिंट होऊ द्या.

एखाद्या फाइलमध्ये कॉलमच्या नावामागे स्पेस राहिली असेल, तर 'पाऊस' नावाचे दोन कॉलम होतात आणि अर्ध्या जागा रिकाम्या दिसतात. वाचल्या वाचल्या कॉलमच्या नावांवर कडेच्या स्पेस काढणारं स्ट्रिप चालवा आणि प्रत्येक ओळीला तिच्या फाइलचं नाव जोडणारा कॉलम घाला. मग ग्रुपबाय करून (फाइलच्या नावाने ओळींचे गट पाडून) कोणत्या फाइलमधून किती ओळी आल्या ते पाहिलं, की गळालेला जिल्हा लगेच सापडतो.