लाईट गेली, आली, आणि लिनक्स मिंट काळ्या पडद्यावर अडकलं

औसा तालुक्यातल्या गावात लाईटचा भरवसा नाही. लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी वापरतात ती फुकट ऑपरेटिंग सिस्टीम, असलेला आणि इन्व्हर्टर नसलेला जुना कॉम्प्युटर चालू असताना लाईट गेली की पुढच्या वेळी कधी कधी डेस्कटॉप येतच नाही. काळ्या पडद्यावर कंसात 'इनिटरॅमएफएस' (सिस्टीम सुरू होण्याआधीचा छोटा टप्पा) दिसतं आणि कर्सर लुकलुकतो. विंडोज टाकायची घाई करू नका, डेटा बहुधा शाबूत असतो.

आधी 'एक्झिट' टाइप करून एंटर दाबा. मग कोणत्या पार्टिशनची (डिस्कच्या भागाची) तपासणी हाताने करायची ते नावासकट छापून येतं, बहुतेक 'एसडीए'पुढे १ किंवा २ आकडा. आता टाइप करा 'एफएससीके' (डिस्कवरच्या चुका शोधून दुरुस्त करणारा आदेश), जागा सोडून वजा-वाय, परत जागा सोडून तेच नाव, आधीच्या 'स्लॅश डेव्ह स्लॅश'सकट. वजा-वाय विसरलात तर प्रत्येक चुकीला वाय दाबत बसाल. जुनी हार्ड डिस्क असेल तर वेळ लागतो. मधे बंद करू नका. शेवटी 'रीबूट'.

हाच आदेश चालू डेस्कटॉपवरून रूट पार्टिशनवर (जिथे सिस्टीम असते) कधीच देऊ नका, असलेलंही बिघडेल. इथे तो चालतो, कारण रूट अजून माउंट झालेलं, म्हणजे वापरासाठी जोडलेलं, नसतं.

दर वेळी हेच होत असेल आणि घड्याळही मागची तारीख दाखवत असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल बदला. तो ३ व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. सेल संपला की तारीख मागे जाते आणि डिस्कवरची शेवटची नोंद भविष्यातली वाटते. घड्याळ बरोबर असेल तर मिंटच्या 'डिस्क्स' प्रोग्रॅममध्ये स्मार्ट माहिती (डिस्कच्या तब्येतीची नोंद) बघा. रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर (खराब झाल्याने बदललेल्या जागा) वाढत असतील तर आधी बॅकअप, मग नवी डिस्क.