दुसऱ्याच्या बँडमध्ये बदली वाजवायला जाताय? या चुका टाळा

मी बरीच वर्षं कीबोर्ड वाजवतो आणि स्वतःचा बँडही चालवतो. त्यामुळे बदलीचं काम दोन्ही बाजूंनी पाहिलंय. कधी मी दुसऱ्याच्या जागी जाऊन वाजवतो, कधी माझ्याकडे कुणी येतं. वाजवण्यात कमी पडलेला बदली वादक मला क्वचितच भेटला. वागण्यात कमी पडलेले मात्र सारखे भेटतात, आणि चुकाही त्याच त्या. तरुण मुलं दोन-तीन चांगल्या कामांनंतर विचारतात, "दादा, पुढे बोलावणंच येत नाही, काय झालं?" झालेलं असतं ते यातलंच काहीतरी.

आयोजकाला स्वतःचा नंबर देणं

ही चूक मला सर्वांत जास्त खुपते, म्हणून आधी तीच.

आमच्या बास गिटार वाजवणाऱ्याचं मनगट दुखावलं. डॉक्टरांनी सहा आठवडे हात लावू नको म्हणून सांगितलं. त्याने स्वतःच एका मुलाचं नाव सुचवलं, त्याला सगळ्या गाण्यांचे चार्ट (कुठे कोणता कॉर्ड, ते लिहिलेले कागद) पाठवले, कुठल्या गाण्यात कोण कुठे थांबतं तेही फोनवर समजावलं. मुलगा खरोखर गुणी होता. दोन दिवसांत सगळं पाठ करून आला आणि पहिला अर्धा कार्यक्रम त्याने सुंदर वाजवला.

मध्यंतरात मी स्टेजवरच थांबलो होतो, कानात इअर मॉनिटर, म्हणजे स्टेजवरचा आवाज आम्हाला ऐकवणारे इअरफोन, तसेच होते. साउंडवाल्याने गायिकेच्या माइकचा फेडर (प्रेक्षकांकडे जाणारा आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ) खाली घेतला होता, पण मॉनिटरला जाणारा आवाज बहुतेक वेळा फेडरच्या आधीच निघतो. प्रेक्षकांना ऐकू येत नव्हतं, आमच्या कानात मात्र माइक चालूच होता. त्या माइकपासून हातभर अंतरावर हा मुलगा आयोजकांशी बोलत होता. "आमचाही चौघांचा ग्रुप आहे. यांच्यापेक्षा कमीत करू. माझा नंबर घेऊन ठेवा." मी ऐकलं. ड्रम्सवर बसलेल्यानेही ऐकलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि दुसरा अर्धा भाग सुरू केला.

मी त्या रात्री त्याला काही बोललो नाही. ठरलेलं मानधन हातात दिलं, आभार मानले. दुसऱ्या दिवशी आमच्या बासवाल्याला सांगावं लागलं, आणि ते सांगणं मला जड गेलं. घरी मनगट बांधून बसलेला माणूस माझीच माफी मागत होता, "मीच नाव दिलं होतं." त्यानंतर तो कुणाचंही नाव सुचवायला कचरायला लागला. पुढे दोन बँडलीडरनी माझ्याकडे त्या मुलाची चौकशी केली. तो वाजवतो कसा, हे मी खरं सांगितलं. मध्यंतरात काय झालं, हेही खरं सांगितलं. त्याला आजही कदाचित माहीत नसेल की फोन का थांबले.

आयोजक तुम्हाला ऐकतोय, कारण त्या बँडने ते काम मिळवलं आणि तिथला नेहमीचा वादक आज येऊ शकला नाही. त्या ओळखीवर तुमचा हक्क नाही. कुणी नंबर मागितलाच, तर मी एकच वाक्य बोलतो: "बँडलीडरकडे माझा नंबर आहे, त्यांच्याकडून घ्या ना." समोरच्याला यात काही वावगं वाटत नाही. मग सामान आवरताना बँडलीडरला सांगतो, "ते माझा नंबर मागत होते, मी तुमच्याकडे पाठवलंय." पुष्कळदा तेच म्हणतात, "अरे, दे की." मग खुशाल द्या.

काही महिन्यांनी त्याच आयोजकाचा थेट तुम्हाला फोन आला, तरी आधी त्या बँडलीडरला विचारा. त्यांची तारीख भरलेली असेल तर ते आनंदाने हो म्हणतील. नसेल, तर ते काम त्यांचं.

चूक करून बसला असाल, तर त्याच रात्री फोन करा. "मी नंबर दिला, द्यायला नको होता. फोन आला तर तुमच्याकडे पाठवतो." एवढं पुरतं, फक्त नंतर खरोखर पाठवा. गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून कळली की मग माफीला अर्थ उरत नाही.

जागा आपलीच झाली असं वाटणं

३ जून १९६४ रोजी, परदेश दौऱ्याच्या आदल्या दिवशी, बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टार टॉन्सिल्सच्या दुखण्याने रुग्णालयात दाखल झाला. जिमी निकोल नावाच्या ड्रमरला बोलावलं गेलं. बीटल्सच्या गाण्यांच्या एका स्वस्त नकल-रेकॉर्डवर त्याने ड्रम्स वाजवले होते, त्यामुळे गाणी त्याच्या हातात होती. त्याच दिवशी तालीम झाली आणि दुसऱ्या दिवशी तो कोपनहेगनच्या स्टेजवर होता. पुढे मेलबर्नला रिंगो परत आला आणि निकोलचं काम संपलं.

या गोष्टीत लोकांना निकोलचं नशीब दिसतं. मला त्यातल्या दुसऱ्या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. रिंगोशिवाय जायला जॉर्ज हॅरिसनचा विरोध होता. आणि रिंगोने नंतर स्वतः सांगितलं की आपल्याला सोडून सगळे गेले, तेव्हा आता मी यांना नकोसा झालो, असं त्याला वाटलं होतं. जगातल्या सर्वांत लोकप्रिय बँडच्या ड्रमरला असं वाटू शकतं, तर घरी आजारी पडलेल्या तुमच्या ओळखीच्या वादकाला काय वाटत असेल!

म्हणून कार्यक्रमानंतर कुणी म्हणालं, "तुम्ही तर त्यांच्यापेक्षा छान वाजवता," तर नुसतं हसून गप्प राहू नका. "त्यांनी बसवलेलंच वाजवतोय" म्हणा. ते खरंही असतं. त्या वाक्याला मान डोलावलीत, तरी ती बातमी घरी पोचते.

बँडमधले लोक आपसात नेहमीच्या वादकाबद्दल कुरकुर करतील. त्याचा उशीर, त्याचा आवाज, त्याचा स्वभाव. त्यात एक शब्दही घालू नका. कुरकुर करणारे उद्या त्याच्याच शेजारी उभे राहून वाजवणार आहेत.

तयारी नसताना दाखवायला वाजवणं

ओळख वाढवायची म्हणजे लोकांनी आपल्याला लक्षात ठेवलं पाहिजे, आणि लक्षात राहायचं म्हणजे भरपूर वाजवलं पाहिजे, असा नवीन मुलांचा समज असतो. गायिका ओळ संपवून श्वास घेते, तेवढ्या फटीत हा चार सुरांची जागा घेऊन मोकळा. ती फट तिने ठेवलेली असते. नेहमीचा वादक तिथे गप्प बसतो, कारण त्याला ते माहीत असतं. मला बदली वादकांपैकी आठवतात ते, ज्यांच्यामुळे गायिकेने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

खरी तयारी चार प्रश्नांची असते: पट्टी कोणती, लय किती, सुरुवात कोण करतो, शेवट कसा होतो. गाणं इंटरनेटवर ऐकून आलो, एवढ्यावर निघणाऱ्यांची मला काळजी वाटते. रेकॉर्डिंगची पट्टी आणि स्टेजवरची पट्टी बऱ्याचदा वेगळी असते, कारण तीन तास गायचं म्हटलं की गायक एक-दोन पट्ट्या खाली उतरतो. गिटारवाला सांगतो "जी", पण त्याने दुसऱ्या पडद्यावर कॅपो (तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा) लावलेला असतो, म्हणजे प्रत्यक्षात वाजतं "ए". काही बँड सगळी वाद्यं अर्धा स्वर उतरवूनच लावतात. हे सगळं फोनवर पाच मिनिटांत विचारता येतं आणि स्टेजवर कळलं तर फार महागात पडतं.

म्हणून मी चार्ट आकड्यांत लिहितो: पट्टीच्या मूळ सुरावरचा कॉर्ड १, चौथ्या सुरावरचा ४, पाचव्यावरचा ५, असे. अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या स्टुडिओंमध्ये १९५०च्या दशकाच्या अखेरीस नील मॅथ्यूज या गायकाने ही पद्धत सुरू केली. साउंडचेकला गायक म्हणाला, "आज अर्धा स्वर खाली घेऊ," तरी माझा कागद बदलत नाही. कीबोर्डवरच्या ट्रान्सपोजच्या बटणावर विसंबणं मला पटत नाही. एका गाण्यासाठी उतरवलेली पट्टी पुढच्या गाण्यात तशीच राहते, आणि पहिल्या कॉर्डला सगळा बँड तुमच्याकडे बघतो. बारा पट्ट्यांत हात बसवायला वेळ लागतो. तो द्यावाच लागतो.

शेवटाची वेगळी खूण करा. गाणी बिघडतात ती बहुतेक शेवटी. ओळ तीनदा येते की चारदा, लय ओढत थांबायचं की एकदम तुटायचं, हे त्या बँडचं स्वतःचं असतं आणि कुठल्याच रेकॉर्डिंगमध्ये सापडत नाही. मी शेवटच्या ओळीभोवती पेन्सिलने चौकट काढतो आणि इशारा कोण देणार, त्याच्या नावाचं पहिलं अक्षर बाजूला लिहितो.

थोडक्यात सांगण्यासारख्या

मानधन हो म्हणण्याआधी विचारा, कार्यक्रमाच्या दिवशी सगळ्यांसमोर नको. इतर वादकांना किती मिळतं, हे कधीच विचारू नका.

हो म्हटलेली तारीख जास्त पैशांच्या कामासाठी सोडू नका. बदली वादकाने स्वतःचा बदली पाठवणं तर मी आजवर कुणाला माफ केलेलं नाही.

कपडे काय घालायचे ते आदल्या दिवशी विचारा. जास्तीची केबल, बॅटरी, अ‍ॅडॅप्टर स्वतःचे आणा.

व्हिडिओ टाकायचा तर बँडलीडरला विचारून, बँडचं नाव लिहून. फक्त स्वतःच्या हातांचा तुकडा कापून टाकू नका.

साउंडवाल्याचं नाव विचारा आणि त्याच नावाने हाक मारा. बँड कसे आहेत, कुणाला कोण हवंय, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

शेवटचं गाणं झालं की लगेच निघू नका. खरी ओळख केबल गुंडाळताना होते. ड्रम्सची एक केस उचलून गाडीपर्यंत न्या. सहवादकांनी तिथे नंबर मागितला तर जरूर द्या, ती ओळख तुमच्या वाजवण्याने मिळवलेली असते.

नेहमीच्या वादकाला फोन न करणं

हे फारच थोडे लोक करतात. मी दुसऱ्या दिवशी सकाळी ज्याच्या जागी वाजवलं त्याला फोन करतो. आधी तब्येत विचारतो. मग कुठल्या गाण्याची पट्टी बदलली, कुठला शेवट नवा बसवला, कोणतं गाणं गळलं, ते सांगतो. त्याच्याबद्दल कुणी विचारलं, तेही नावासकट सांगतो. त्याचे चार्ट माझ्याकडे असतील तर माझ्या पेन्सिलच्या खुणा पुसून परत देतो. नवा शेवट बसवलेला असेल, तर तेवढी एक चौकट मात्र त्याच्यासाठी ठेवतो.