क्ले शूटिंगमध्ये खांदा काळानिळा होतोय? या चुका टाळा

"जेल पॅड कुठं मिळेल?" असं खांदा चोळत विचारणारे नवशिके क्ले शूटिंगच्या, म्हणजे हवेत उडवलेल्या तबकड्या (क्ले) शॉटगनने फोडायच्या खेळाच्या, दर बॅचमध्ये भेटतात. धक्का झेलणारा तो पॅड मिळेल हो. आधी डाग कुठे पडलाय ते आरशात बघा. दंडावर असेल, तर बट (दस्त्याचं, म्हणजे बंदुकीच्या मागच्या लाकडी भागाचं, टोक) खांद्याच्या खळगीत न टेकता बाहेर सरकलाय. हासळीच्या हाडावर असेल, तर फारच आत आलाय. ट्रिगर गार्डची मागची कड मधल्या बोटावर आदळत असेल, तर मूठ सैल आहे किंवा दस्ता आखूड. अंगठा नाकावर येत असेल, तरी दस्ता आखूडच. गालफडाला मार बसत असेल, तर बहुतेक वेळा गाल दस्त्याला नीट चिकटलेला नसतो. यातल्या एकाही दुखण्यावर पॅड हा इलाज नाही.

"हलकी बंदूक बरी पडेल"

या एका समजुतीने जेवढे खांदे सुजवले तेवढे बाकी सगळ्या चुकांनी मिळून सुजवले नसतील. धक्क्याचा हिशोब सरळ आहे: पुढे किती वजन किती वेगाने गेलं आणि त्याच्या मागे किती वजनाची बंदूक होती. छर्‍यांचा वेग सेकंदाला 400 मीटर धरा. 3.6 किलोच्या ट्रॅप गनमधून (ट्रॅप म्हणजे समोरून दूर जाणारे क्ले फोडायचा प्रकार) 24 ग्रॅम छर्‍यांचं काडतूस उडवलं तर धक्का साधारण 18 ज्यूल येतो. 2.7 किलोच्या 'नाजूक' वीस बोअरमधून (बारा बोअरपेक्षा बारीक नळीची बंदूक) 28 ग्रॅमचं उडवलं तर 31 च्या आसपास. तरी दुकानात मुलींच्या आणि पोरांच्या हातात हमखास वीस बोअरच दिली जाते.

आणि मग येतो आजोबांची दुनळी घेऊन आलेला गडी. हा नमुना रेंजवर नेहमीचा. दुनळी 2.8 किलोची, बटला रबर नाही, नुसती कडक प्लेट, आणि खिशात 32 ग्रॅमची काडतुसं, कारण "जास्त छर्रे, जास्त चान्स". हा धक्का 38 ज्यूलच्या घरात जातो, ट्रॅप गनच्या दुपटीहून जास्त. एका राउंडला 25 क्ले. ट्रॅपमध्ये एका क्लेवर दोन गोळ्या झाडता येतात आणि नवशिका दोन्ही झाडतोच. दहाव्या क्लेपर्यंत गडी डोळे मिटायला लागतो, पंधराव्याला चाप ओढण्याआधीच नळीचं तोंड खाली जातं, आणि राउंड संपल्यावर तो चोकला (नळीच्या तोंडाशी असलेल्या आवळीला) दोष देतो. पुढच्या खेपेला त्याला क्लबची जड गन आणि 24 ग्रॅमचं काडतूस दिलं, तरी नळी खाली जायची ती जातेच. खांदा आठवड्यात बरा होतो, शरीराला लागलेली दचकायची सवय महिनोन्‌महिने सुटत नाही.

आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) स्पर्धांत कमाल मर्यादाच 24 ग्रॅमची आहे आणि ऑलिंपिकवाले त्यातच 125 पैकी 120 च्या पुढे क्ले फोडतात. तुम्हाला 32 ग्रॅम कशाला लागतात?

जुनी दुनळी वापरायचीच असेल, तर नळ्यांच्या बुडाशी चेंबरची लांबी कोरलेली असते ती वाचा. 65 मिमीच्या चेंबरमध्ये 70 मिमीचं काडतूस बसतं, पण फुटल्यावर त्याचं तोंड उघडायला जागा पुरत नाही आणि दाब वाढतो. शंका असली तर जाणत्या गनस्मिथला दाखवल्याशिवाय एकही बार काढू नका.

रायफलची पोझ शॉटगनला

महाराष्ट्रात रायफल-पिस्तूलचं वेड मोठं. त्यामुळे क्लेकडे वळणारे बरेच जण रायफलची उभी पोझ सोबत घेऊन येतात: पाठ मागे, कंबर पुढे, डावं कोपर बरगडीला टेकलेलं. .22 रायफलला धक्का असा नसतोच, तिथे ते चालून जातं. इथे पहिल्याच बाराला टाचा उचलल्या जातात आणि दुसर्‍या बाराच्या वेळी नळी आभाळात असते.

वजन पुढच्या पायावर, साधारण साठ टक्के. पुढचा गुडघा किंचित मोकळा, नाक पुढच्या पायाच्या बोटांच्या वर. पाय खांद्यांपेक्षा जास्त फाकवू नका, नाहीतर कमरेतून वळता येत नाही.

आता माउंट, म्हणजे बंदूक उचलून गालाला-खांद्याला लावणं. बंदूक गालाकडे आणायची, मान वाकवून गाल बंदुकीकडे न्यायचा नाही. उचलायचं काम मुख्यतः डाव्या हाताचं. दस्ता आधी गालाला लागतो, मग खांदा पुढे येऊन बटला भेटतो. उजवं कोपर थोडं उचललं की हासळी आणि खांद्याच्या सांध्यामध्ये खळगी तयार होते, बट तिथेच. फट राहिली की बंदूक तेवढ्या अंतरात वेग घेऊन आदळते. स्कीटमध्ये (बाजूंनी आडव्या जाणार्‍या क्लेच्या प्रकारात) बट खाली ठेवून उभं राहावं लागतं, घाई समजू शकतो. ट्रॅपमध्ये तर क्ले मागण्याआधी बंदूक लावून ठेवता येते, तिथे ढिसाळ माउंटला सबबच नाही.

घरी सराव करताना बंदूक उघडून दोन्ही चेंबर रिकामे बघायचे, मग आरशासमोर रोज वीस माउंट. निम्मे डोळे मिटून करायचे आणि डोळे उघडल्यावर नजर रिबच्या (नळीवरच्या पट्टीच्या) मधोमध आहे का ते पाहायचं. कंटाळवाणं आहे. ज्यांना कंटाळा येतो तेच पॅड शोधत फिरतात.

दस्त्याची लांबी

बंदूक लावल्यावर नाक आणि अंगठ्याचं मूळ यांत दोन बोटं अंतर हवं. बर्‍याच तयार ट्रॅप गनचा दस्ता साडेचौदा इंचांच्या आसपास असतो. बुटक्या माणसाला तो लांब पडतो आणि बट दंडावर सरकतो. त्यात जॅकेटमध्ये जेल पॅड घातला की आणखी सेंटीमीटरभर लांबी वाढते. मोजमाप नेहमी शूटिंगच्या जॅकेटवरच करा. आधी स्पेसर (बटजवळ बसवायच्या, लांबी कमी-जास्त करणार्‍या चकत्या) काढघाल करून बघा, करवत सगळ्यात शेवटी.

थोडक्यात उरलेलं

कानात फोमचे बोळे आणि वर मफ, दोन्ही. निम्मी दचक आवाजाची असते.

बटला लावलेला रबरी पॅड शर्टात अडकत असेल तर त्याच्या वरच्या टोकाला इलेक्ट्रिकची चिकटपट्टी लावा.

नळीला भोकं पाडून घेतली तर तोंड थोडं कमी उसळतं, खांद्याला फरक नगण्य, आणि शेजारच्या स्टेशनवाल्याचे कान जातात.

दस्त्यात भरायचा पार्‍याचा रिड्यूसर (धक्का कमी करायची नळी) मुख्यतः वजन वाढवतो. पाव किलो वाढलं की धक्का सुमारे सात टक्के कमी, पण तोल मागे जातो.

गॅसवर चालणारी, पुढचं काडतूस आपोआप भरणारी सेमी-ऑटो खरोखर मऊ लागते, फक्त साफ ठेवावी लागते आणि काही गन 24 ग्रॅमवर पुढचं काडतूस नीट भरत नाहीत.

दचक लागलीच असेल तर

"मारत राहिलो की जाईल" हा सल्ला देणार्‍यापासून लांब राहा. अमेरिकेत काही ट्रॅपवाले यावर सोडल्यावर बार उडणारा रिलीज ट्रिगर लावतात. आयएसएसएफच्या नियमात तो चालत नाही. आठवडाभर फक्त रिकामे माउंट करा. मग रेंजवर सोबत्याला बंदूक भरायला सांगा, कधी खरं काडतूस, कधी डमी, तुम्हाला कळू न देता. नळीचं तोंड सतत मैदानाकडेच. डमीवर नळी झुकली की त्या दिवशी बंद. सलग पाच डमीवर ती जागची हलली नाही, तरच पूर्ण राउंडचे पैसे भरा.