हेक्सायर्ट बांधताय? आधी या चुका टाळा

बर्निंग मॅन हा अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटात ऑगस्टच्या शेवटी भरणारा आठवडाभराचा मेळा. जून उजाडला की मला ठरावीक निरोप यायला लागतात. "ताई, यंदा बर्निंग मॅनला चाललोय. तंबूत भाजून निघायचं नाही, हेक्सायर्ट बांधतो. एका दिवसात होतो ना?" होतो. पण तो दिवस घरच्या ड्राइव्हवेतला हवा, वाळवंटातला नव्हे. हे वाक्य ऐकून सगळे हो म्हणतात आणि ऑगस्टच्या शेवटी न कापलेले बोर्ड गाडीवर बांधून निघतात.

हेक्सायर्ट म्हणजे फोम बोर्डांचं षटकोनी तात्पुरतं घर. ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार बाय आठ फुटांचे फोम बोर्ड बारा घ्यायचे. सहा लांब कडेवर उभे केले की षटकोनी भिंत. उरलेले सहा तिरके कापले की छपराचे बारा त्रिकोण. वाया काही जात नाही. मधली उंची आठ फूट, आत १६६ चौरस फूट जागा. विनय गुप्ता या स्कॉटिश-भारतीय माणसाने २००२ साली आपत्तीग्रस्तांसाठी हा आराखडा केला आणि कोणालाही वापरता यावा म्हणून खुला सोडला. तो रुजला मात्र नेवाडातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात. तिथे दुपारी पारा ३८ अंशांवर जाऊ शकतो, पहाटे पाच-सहापर्यंत उतरू शकतो, आणि साध्या तंबूत सकाळी नऊनंतर झोपणं म्हणजे शिक्षा असते.

बोर्ड पॉलिआयसोचाच (उष्णता अडवणारा कडक फोम) घ्या, दोन्ही बाजूंना चांदी, म्हणजे ॲल्युमिनियमचा चकचकीत थर असलेला, निदान एक इंच जाड. त्या चांदीवर टेप घट्ट बसते आणि इंचभर फोम ऊन छान अडवतो. पण फोमचं काम तेवढंच. घर उभं राहतं ते टेपवर आणि तणाव्यांवर, आणि नवशिके नेमकी तिथेच काटकसर करतात.

"तिकडे जाऊन कापू"

माझ्या डोक्यात जाणारी चूक ही. आमच्या कॅम्पात एक मुलगा होता. हुशार, कामसू, पण घाईचा. घरी बसून कापाकापी करायला वेळ नाही म्हणाला. "तिकडे आठवडाभर काय करायचंय, ताई? तिथेच करू, मजा येईल." वाटेतल्या रेनो शहरात बोर्ड घेतले, जी मिळाली ती टेप घेतली, आणि पोचल्या दिवशी दुपारी करवत काढली.

करवत! पॉलिआयसो करवतीने कापला की पिवळा भुसा उडतो. वाऱ्यावर तो शेजारच्या तीन कॅम्पांच्या स्वयंपाकात गेला. एका बाईंनी पोह्यांवर झाकण ठेवलं आणि आमच्याकडे जे पाहिलं, ते मी विसरणार नाही. तिथे जमिनीवर सांडलेल्या प्रत्येक परक्या कणाला 'मूप' म्हणतात आणि तो उचलणं तुमची जबाबदारी असते. जमीन केंद्र सरकारची आहे. कार्यक्रम संपल्यावर तपासणी होते आणि एकरी एक चौरस फुटापेक्षा जास्त कचरा चालत नाही. कुठल्या कॅम्पने किती घाण ठेवली याचा रंगीत नकाशासुद्धा नंतर छापतात. लाल रंगात दिसायची हौस कोणाला?

मग टेप. प्लायावरची, म्हणजे त्या वाळवंटातल्या कोरड्या सपाट जमिनीवरची धूळ खडूच्या भुकटीसारखी बारीक असते आणि क्षारयुक्त असते. बोर्ड जमिनीवर ठेवला की पाच मिनिटांत त्यावर थर. टेपचा रोल खाली ठेवला की त्याची कड धुळीने माखते आणि पुढची हातहातभर टेप काठापासून सुटायला लागते. या पोराने चिकटवलं, दाबलं, पुन्हा चिकटवलं. संध्याकाळी घर उभं होतं आणि फोटो काढून झाले होते. रात्री वारा सुटला. पहाटे छपराचे दोन जोड सुटले आणि सकाळी एका झोतात अर्धं छप्पर उचललं जाऊन पलीकडच्या कॅम्पच्या सावलीच्या कापडावर जाऊन पडलं. कोणाला लागलं नाही. उरलेला दिवस तो गुडघ्यांवर बसून फोमचे कण वेचत होता आणि उरलेला आठवडा कोणाच्या तरी तंबूत झोपला.

तेव्हा कापणं, कडा बंद करणं आणि जमतील तेवढे जोड घरी. माझी पद्धत अशी: कटरला नवं पातं, लांब पट्टी, दोन-तीन हलके हात, मग बोर्ड काठावर ठेवून मोडायचा आणि खालची चांदी कापायची. भुसा जवळजवळ पडत नाही. उघड्या पडलेल्या प्रत्येक कडेवर ॲल्युमिनियमची टेप, कारण तिथूनच फोम झडतो आणि तिथूनच पाणी शिरतं. चिकटवण्याआधी बोर्ड ओल्या फडक्याने पुसून कोरडा करते. टेप मारल्यावर तिच्यावरून घरचं जुनं लाटणं जोर देऊन फिरवते. दुकानात यासाठी रोलर मिळतो, तोही चालेल. नुसत्या तळहाताने दाबलेली टेप चालत नाही. ही टेप दाबानेच धरते.

टेप कुठली, हा प्रश्न विचारूच नका. सहा इंच रुंद, आडवे-उभे दोन्ही धागे असलेली फिलामेंट टेप. थ्रीएम कंपनीची ८९५९ बहुतेक जण वापरतात, मीही. महाग आहे. लोक बोर्डांवर शेकडो डॉलर टाकतात आणि टेपचा आकडा बघून डक्ट टेप उचलतात. डक्ट टेपचा गोंद उन्हात पाघळतो, टेप सरकते, आणि मागे जो चिकट लगदा राहतो त्यावर नवी टेपही बसत नाही.

भिंत वळतच नाही

घरी केलेल्या कामातली ही सगळ्यात जास्त दिसणारी गफलत. दोन बोर्ड सपाट ठेवले, काठाला काठ भिडवला, बाहेरून टेप मारली. आता कोपरा करायला जावं तर बोर्ड हलत नाहीत. हलणार कसे? आतल्या कडा एकमेकींवर आदळतात. जोर लावला की फोम चेपतो किंवा टेप उखडते.

षटकोनाच्या कोपऱ्यात आतल्या कडा टेकल्या की बाहेरच्या कडांमध्ये बोर्डाच्या जाडीएवढी फट पडते. इंचाचा बोर्ड, तर इंचाची फट. म्हणून सपाट चिकटवतानाच ती सोडायची. मी बोर्डाचा एक तुकडा उभा धरून मधे खुपसते, मोजायची गरज पडत नाही. सहा इंची टेप मग दोन्हीकडे अडीच-अडीच इंच बसते. छपराच्या शिरांना अर्धा इंच पुरतो, तिथला कोन बराच उघडा असतो. छप्पर आणि भिंत मिळतात तिथे पुन्हा एक इंच.

भिंती मी दोन-दोनच्या जोडीने घरी जोडते आणि घडी करून नेते. उरलेले जोड तिथे. ज्या कडांवर तिथे टेप लागणार, त्यांवर घरीच एक थर मारून ठेवायचा. मग नवी टेप जुन्या टेपवर बसते आणि परत निघताना ओढली तर चांदी सोबत येत नाही. टेपचं टोक अर्धा इंच दुमडून ठेवा. आठवड्याने, धुळीने फाटलेल्या नखांनी ते शोधताना कळेल का ते.

त्रिकोण जुळत नाहीत

चार बाय आठचा बोर्ड कर्णावर कापला की दोन काटकोन त्रिकोण मिळतात, पण दोन्ही एकाच हाताचे. आठ फुटांच्या बाजू जुळवायच्या तर एक उलटा करावा लागतो. नाहीतर समांतरभुज चौकोन तयार होतो आणि फोन येतो की आराखडा चुकलाय. आराखडा बरोबर आहे. उलटा केला की एक अर्धा छापील अक्षरांचा दिसतो, दुसरा चकचकीत, आणि काहींना ते खटकतं. त्यांच्यासाठी: तीन बोर्ड एका कर्णावर कापा, तीन दुसऱ्या. मग सगळी चकचकीत बाजू बाहेर येते. मला अक्षरं दिसली तरी झोप लागते. हा सपाट जोड मात्र दोन्ही बाजूंनी चिकटवायचा, आणि इथे फट नको.

तंबूच्या मेखा

दुसरी लाडकी चूक. तंबूसोबत आलेल्या त्या नाजूक, आकड्यासारख्या मेखा काढतात आणि ठोकतात. "इतकं हलकं आहे, त्याला किती बांधायचं?" हलकं आहे म्हणूनच बांधायचं. बारा बोर्डांचं सगळं वजन शंभर पौंडांच्या आसपास भरतं, आणि तिथे ताशी पन्नास मैलांचे झोत येतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. पंचवीस मैलांच्या वाऱ्यात समोरच्या एका बोर्डावर पन्नास पौंडांचा जोर, तर पन्नास मैलांत दोनशे पौंडांचा. पहिल्या दिवशी संध्याकाळची झुळूक सोसली म्हणून निर्धास्त होणाऱ्यांनी हा हिशोब एकदा करावा.

माझ्याकडे दोन फुटी, अर्धा इंच जाडीच्या सळया आहेत, बांधकामाच्याच. अठरा इंचांपेक्षा छोटी कोणी आणली तर मी परत पाठवते. हल्ली बरेच जण लांब, जाड लॅग स्क्रू इम्पॅक्ट ड्रिलने जमिनीत फिरवतात. तेही उत्तम, आणि काढायला सोपे. सळई काढताना वर ओढत बसू नका, पक्कड लावून आधी गोल फिरवा. आणि वरच्या टोकावर जुना टेनिस बॉल खुपसा. अंधारात नडगी फुटलेली माणसं दरवर्षी दिसतात.

दोरी बोर्डाला भोक पाडून बांधायची नसते. फोम चिरतो. छपरावर मध्यापर्यंत उतरेल असं दोरीचं कडं करा, त्याला सहा तणावे, प्रत्येक कोपऱ्याच्या दिशेने एक, आणि खाली सळई. भिंतीचा तळही कोपऱ्याकोपऱ्यात जमिनीला धरायला हवा, नाहीतर झोत खालून शिरतो. रॅचेट पट्टा दिसला की पुरुषमंडळींना चेव येतो, कट्-कट्-कट् करत आवळत जातात आणि छपराची शीर चेपते. साधी दोरी आणि सरकगाठ पुरते. रोज सकाळी एकदा हात लावून बघा. दोरी सैल पडतेच.

छप्पर उचलायचं पहाटे, वारा पडलेला असताना, प्रत्येक कोपऱ्याला एक माणूस. दुपारी चार वाजता दोघांनी उचलायचा हट्ट कोणी धरला तर लांब उभं राहावं.

बारीकसारीक

गाडीच्या टपावर बोर्ड नुसते पट्ट्याने बांधू नका. हायवेवर ६५ मैलांनी निघालात की वाराही तेवढाच, आणि तो पुढची कड वर उचलतो. खाली प्लायवुड, पुढची कड झाकलेली, पट्ट्याखाली पुठ्ठा.

जमिनीवरचं ताडपत्रीचं कापड भिंतीच्या बाहेर येऊ देऊ नका. २०२३ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला पाऊस झाला, रस्ते बंद झाले आणि चिखल बुटांना पोत्यासारखा लागायला लागला, तेव्हा बाहेर डोकावणाऱ्या कापडांनी सगळं पाणी आत आणलं.

चांदी डोळ्यांत जाते. शेजाऱ्याच्या बसायच्या जागेवर उजेड पडत असेल तर त्या बाजूला जुनी चादर टाका.

कूलर लावला तरी गुदमरतंय

बादलीत पंप, वर पॅड आणि पंखा, असा घरगुती कूलर तिथे बहुतेक जण करतात. हवा कोरडी असल्यामुळे तो फार छान चालतो. मग पठ्ठे घर टेपने हवाबंद करतात, कूलर आत ठेवतात आणि तासाभरात कपडे ओले, श्वास जड. नागपुरात वाढलेल्या कोणालाही हे सांगावं लागत नाही. कूलर खिडकीत बसतो आणि समोरचं दार किलकिलं ठेवायचं असतं. ओली हवा बाहेर गेली तरच नवी कोरडी आत येईल. मी भिंतीत दोन चौकोन कापते. एकातून कूलर बाहेरची हवा ओढतो, दुसऱ्यावर घरच्या एसीत बसतो तसला हवेचा फिल्टर टेपने लावलेला. तो चौकोन कूलर बंद असतानाही उघडाच राहतो, कारण बंद पेटीत चार माणसं झोपली तर हवा लागतेच.

आग

इथे मी वाद घालत नाही. आत मेणबत्ती नाही, गॅसची शेगडी नाही, हीटर नाही, उदबत्तीसुद्धा नाही. पॉलिआयसो वितळून ठिबकत नाही, कोळपतो, म्हणून काहींना वाटतं तो जळतच नाही. जळतो, आणि धूर विषारी असतो. जनरेटर घरापासून लांब, त्याचा धूर भिंतीतल्या हवेच्या चौकोनांकडे येणार नाही अशा बाजूला. आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. आणि उशाशी एक कटर, म्हणजे दार अडलं तर भिंत कापून बाहेर पडता येतं. दार एकच असतं हे लोक विसरतात.

"थर्माकोलचं केलं तर?"

हा प्रश्न पुण्याहून येतो, गच्चीवर पोरांना खेळायला किंवा गावच्या शेतावर राखणीसाठी. नको. थर्माकोलचे मणी सुटतात आणि वर्षभर वेचत बसावं लागतं, त्यावर टेप नीट धरत नाही, आणि ठिणगी पडली की तो वितळून पेटतो. उंदरांनाही आवडतो. आणि हेक्सायर्ट मुळात कोरड्या हवेतल्या आठवड्याभरासाठी आहे. टेपच्या जोडांवर आपल्याकडचा आषाढ निघणार नाही. शेतावर कायमची खोली हवी असेल तर दोन्ही बाजूंना पत्रा असलेलं पफ पॅनेल आणि लोखंडी सांगाडा, आणि ते काम फॅब्रिकेटरचं.

बोर्ड आणून झाले असतील तर आता ते पुसा, व्हिनेगर घातलेल्या पाण्याने, मागच्या वर्षीचे असतील तर नक्कीच, आणि गॅरेजमध्ये जमिनीपासून वर उभे ठेवा. कापायला रविवार मोकळा ठेवा. मला फोन केलात तर लाटणं घेऊन येईन, पण जुलैमध्ये.