बेसमेंटमधल्या फर्नेसचा पंखा आवाज करतो आहे? मोटर बदलण्यापूर्वी या चुका टाळा

न्यू जर्सी, मिशिगन किंवा टोरांटोच्या परिसरात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांची फर्नेसशी, म्हणजे हिवाळ्यात घर गरम ठेवणाऱ्या यंत्राशी, खरी ओळख बहुधा पहिल्या स्वतःच्या घरातच होते. छताच्या पंख्याची कुरकुर किंवा कूलरची घरघर आपण लहानपणापासून ऐकलेली असते. पण ऐन जानेवारीत मध्यरात्री बेसमेंटमधून धडधड सुरू झाली आणि ती डक्टमधून, म्हणजे हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळ्यांमधून, थेट झोपण्याच्या खोलीत पोहोचू लागली, की काय करावे ते सुचत नाही. मग घाईघाईने कोणाला तरी बोलावले जाते, तो मोटर बदलून काही शे डॉलर घेऊन जातो आणि पुष्कळदा आवाज होता तसाच राहतो. दोष मोटरचा नसताना मोटर बदलणे ही या कामातली सर्वांत महाग चूक आहे, आणि ती टाळता येते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आवाज केव्हा येतो, हे न पाहणे

आजच्या गॅस फर्नेसमध्ये पंखा एक नसतो, दोन असतात. थर्मोस्टॅटने उष्णता मागितली की प्रथम इंड्यूसर नावाचा लहान पंखा सुरू होतो. जळलेला वायू घराबाहेर फेकणे हे त्याचे काम. त्याचा दाब बरोबर आहे याची खात्री प्रेशर स्विचने करून घेतल्यावर इग्नायटर तापतो, गॅसची झडप उघडते आणि बर्नर पेटतात. त्यानंतर साधारण अर्ध्या ते एका मिनिटाने खालचा मोठा ब्लोअर फिरू लागतो आणि घरभर गरम हवा पाठवतो. बर्नर विझल्यावरही तो एक-दोन मिनिटे चालूच राहतो.

हा क्रम माहीत असला की घड्याळ हातात धरून निम्मे निदान होते. ज्वाला दिसण्यापूर्वीच किंचाळल्यासारखा आवाज आला, तर संशय इंड्यूसरवर घ्यावा. ज्वाला पेटल्यावर थोड्या वेळाने आवाज सुरू झाला आणि ती विझल्यानंतरही तो येत राहिला, तर तो ब्लोअरचा. बर्नर पेटतानाच ‘भक्’ असा स्फोटासारखा आवाज येत असेल, तर त्याचा पंख्याशी संबंध नाही. गॅस साचून उशिरा पेट घेत आहे असा त्याचा अर्थ असतो आणि तिथे फर्नेस बंद करून टेक्निशियनलाच बोलवावे. ब्लोअर सुरू होताना किंवा थांबताना पत्रा उडाल्यासारखा एखादाच ‘टण्’ आवाज झाला, तर तो बहुधा तापून फुगणाऱ्या किंवा हवेच्या दाबाने आत-बाहेर होणाऱ्या डक्टचा असतो. नव्याने बसवलेल्या, नव्वद टक्क्यांहून अधिक कार्यक्षमतेच्या फर्नेसमधून गुळगुळ असा आवाज आला, तर आधी जळलेल्या वायूतल्या वाफेचे जे पाणी होते त्याचा निचरा तुंबला आहे का ते बघावे.

जाड फिल्टर आणि बंद केलेल्या जाळ्या

ॲलर्जीच्या काळजीने अनेक जण एक इंच जाडीच्या खाचेत मर्व १३ चा (मर्व म्हणजे फिल्टर किती बारीक धूळ अडवतो याचे माप) दाट फिल्टर बसवतात, आणि वापरात नसलेल्या खोल्यांतल्या गरम हवेच्या जाळ्याही बचतीसाठी बंद करतात. दोन्ही गोष्टींनी हवेची वाट अडते. जुन्या पीएससी (साध्या, ठरावीक वेगांच्या) मोटरचे पंखे अशा वेळी कमी हवा देतात, आणि फिल्टरच्या कडांमधून शिट्टी वाजू लागते. नव्या ईसीएम (इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या) मोटरचे वागणे वेगळे. अमेरिकेत ३ जुलै २०१९ पासून लागू झालेल्या नियमामुळे नव्या घरगुती गॅस फर्नेसमध्ये आता प्रामुख्याने याच मोटर येतात, आणि त्यांतल्या ठरावीक हवा देण्यासाठी रचलेल्या मोटर अडथळा आला की आपला वेग वाढवतात. म्हणजे फिल्टर जितका तुंबेल तितका पंखा अधिक जोरात घोंगावेल. ‘नवी फर्नेस जुनीपेक्षा जास्त आवाज करते’ या तक्रारीमागे मला अनेकदा हेच कारण आढळले आहे.

खातरजमा सोपी आहे. पाच मिनिटांसाठी फिल्टर काढून पंखा चालवावा आणि सगळ्या जाळ्या उघडाव्यात. आवाज लक्षणीय उतरला, तर मोटरला हात लावण्याचे कारण उरत नाही; मर्व ८ चा फिल्टर वापरावा, किंवा दाट फिल्टरच हवा असेल तर चार-पाच इंच जाडीचा फिल्टर मावेल अशी पेटी बसवून घ्यावी. फिल्टरच्या चौकटीवरचा बाण हवा जाते त्या दिशेला, म्हणजे ब्लोअरकडे असावा. तो उलटा बसलेला मी कितीतरी घरांत पाहिला आहे.

चाकाकडे दुर्लक्ष करणे

ब्लोअरचे चाक पिंपासारखे असते आणि त्याच्या परिघावर डझनावारी वळलेली अरुंद पाती असतात. या पात्यांच्या खोलगट भागात वर्षानुवर्षे धुळीचे थर बसतात. थर सर्वत्र सारखा नसला की चाकाचा तोल जातो आणि सगळी पेटी थरथरते. ठराविक लयीतली धडधड बहुधा यातूनच येते. दुसरे कारण म्हणजे चाकाला शाफ्टवर घट्ट धरणारा सेट स्क्रू सैल होणे. हा स्क्रू शाफ्टच्या सपाट बाजूवरच टेकला पाहिजे. गोल बाजूवर आवळला, तर काही दिवसांत चाक घसरते आणि बाजूच्या पत्र्याला घासते.

हे काम करण्यापूर्वी फर्नेसचा स्विच आणि ब्रेकर दोन्ही बंद करावेत, आणि कपॅसिटर (मोटरला जोर देणारा, वीज साठवणारा भाग) असल्यास त्यात साठलेली वीज काढून टाकावी. दारामागचा सुरक्षा स्विच टेपने दाबून धरून फिरते चाक बघण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा.

इथे माझा स्वतःचा अनुभव सांगतो. चाक धुताना एका पात्याच्या कडेवर नखाएवढी पत्र्याची चिमटी दिसली. ती अडकलेला कचरा असावा असे समजून मी काढून टाकली, आणि चाक परत बसवल्यावर धडधड पूर्वीपेक्षा वाढली. कारखान्यात चाकाचा तोल साधण्यासाठी अशा चिमट्या बसवलेल्या असतात. ती शोधून जुन्या खुणेवर परत लावली तेव्हाच चाक शांत झाले. म्हणून धुण्यापूर्वी चाकाचे सर्व बाजूंनी फोटो घ्यावेत आणि ब्रश हलक्या हाताने फिरवावा.

चुकीचे तेल

किंचाळणाऱ्या बेअरिंगवर गंज सोडवणारा फवारा मारणे हा सर्रास दिसणारा प्रकार आहे. तो फवारा आतले उरलेसुरले वंगण विरघळवतो. आवाज चार दिवस थांबतो आणि मग मोटर जाम होते. जुन्या मोटरला तेलाची छिद्रे असतील, तर डिटर्जंटविरहित एसएई २० तेलाचे मोजके थेंब पुरतात. छिद्रे नसतील, तर बेअरिंग वंगणासह कायमचे बंदिस्त असते; वीज बंद असताना शाफ्ट हाताने हलवून खडखडला, तर ती मोटर खरोखरच बदलायला झाली आहे.

मोटर नुसती गुणगुणते आणि सावकाश वेग घेते, असे असेल तर आधी कपॅसिटर मोजावा. तो स्वस्त असतो. त्यावर छापलेला मायक्रोफॅरडचा आकडा तोच हवा. व्होल्टेज तेवढेच किंवा जास्त चालते.

बदलताना होणाऱ्या चुका

नवी मोटर घेताना केवळ अश्वशक्ती जुळवून भागत नाही. दर मिनिटाचे फेरे, फिरण्याची दिशा, शाफ्टची जाडी, व्होल्टेज आणि वेगांची संख्या हे सगळे जुळले पाहिजे. पीएससी मोटरला काळी, निळी, लाल अशा वेगवेगळ्या वेगांच्या तारा असतात. त्यांतल्या न वापरलेल्या तारा एकमेकींना न जोडता प्रत्येकीला स्वतंत्र टोपी घालावी, नाहीतर वेटोळे जळते. ईसीएम मोटर बहुधा त्या विशिष्ट फर्नेससाठी आज्ञावली भरून आलेली असते, त्यामुळे दिसायला सारखी असलेली दुसरी मोटर चालेलच असे नाही.

आवाज कमी करण्यासाठी वेगाची तार खालच्या खुणेवर लावणे मोहक वाटते, पण ते धोक्याचे आहे. फर्नेसच्या माहितीपट्टीवर जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या हवेच्या तापमानातला फरक किती असावा ते लिहिलेले असते, उदाहरणार्थ ४० ते ७० अंश फॅरेनहाइट. पंखा मंदावला की हा फरक वाढतो, लिमिट स्विच (फार तापल्यावर तोडणारा सुरक्षा स्विच) वारंवार बर्नर बंद करतो आणि हीट एक्स्चेंजरवर, म्हणजे ज्वाळेची उष्णता हवेला देणाऱ्या भागावर, अकारण ताण येतो. म्हणून दोन थर्मामीटर लावून हा फरक पट्टीवरच्या मर्यादेत आहे याची खात्री झाल्याशिवाय दार लावू नये. पेटी आणि डक्ट यांच्यामध्ये कॅनव्हासचा लवचीक जोड बसवून घेतल्यास, हवा तसूभरही कमी न करता थरथर वर जाणे पुष्कळ थांबते.

इंड्यूसरचे काम मात्र मी टेक्निशियनवरच सोडतो, कारण त्याचे गॅस्केट नीट बसले नाही तर विषारी वायू घरात येऊ शकतो. त्याला फोन करण्यापूर्वी एका पूर्ण फेरीचा, म्हणजे थर्मोस्टॅट लागल्यापासून ब्लोअर थांबेपर्यंतचा, आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवावा आणि तो येताच आधी ऐकवावा.