मार्क्स, पँथर, फॅसिझम वाचायचंय? आधी बारीक पुस्तक घ्या

कॉलेजात मार्क्स समजून घ्यायचा म्हणून मी थेट ‘भांडवल’चा पहिला खंड आणला आणि पहिल्याच प्रकरणात ते तागाचं कापड नि कोटाचं गणित सुरू होतं ना, तिथे जी गाडी अडली ती अडलीच. त्यामुळे तुम्ही सरळ कम्युनिस्ट जाहीरनामा घ्या. १८४८ ची मूळ जर्मन पुस्तिका फक्त २३ पानांची होती. त्यात आधी १८७२ ची प्रस्तावना वाचा, तिथे मार्क्स-एंगल्स स्वतःच सांगतात की यातला काही भाग आता जुना झालाय. मग पहिली दोन प्रकरणं. तिसऱ्यात तेव्हाच्या इतर समाजवाद्यांशी भांडण आहे, नावंच माहीत नसतात आपल्याला, बिनधास्त सोडा.

पण एकाच बाजूचं वाचून डोकं गरम करून घेऊ नका. यासाठी बाबासाहेबांचं ‘अ‍ॅनाइहिलेशन ऑफ कास्ट’ (म्हणजे जातीचं उच्चाटन) एक नंबर. हे पुस्तक म्हणजे मुळात एक भाषण. १९३६ मध्ये लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाला भाषण पचलं नाही, अधिवेशनच रद्द झालं, मग त्यांनी ते स्वतः छापलं, गांधींनी आपल्या ‘हरिजन’ साप्ताहिकात टीका केली, आणि पुढच्या आवृत्तीत बाबासाहेबांनी ती टीका आणि तिला दिलेलं उत्तर दोन्ही घातलं! म्हणून विकत घेताना आधी अनुक्रमणिका बघा, गांधींचा लेख नसेल तर दुसरी आवृत्ती शोधा. इंग्रजी येत असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या साइटवर बाबासाहेबांच्या खंडांच्या पीडीएफ फुकट आहेत.

त्यानंतर दलित पँथर. दलित तरुणांची ही लढाऊ संघटना १९७२ ची, जाहीरनामा १९७३ चा आणि १९७४ मध्ये फूट, संस्थापकांपैकी नामदेव ढसाळ मार्क्सकडे झुकलेले म्हणून राजा ढाले भडकले. हे भांडण दोन्ही बाजूंनी वाचा, एकाच झेंड्याखाली किती तऱ्हा असतात ते कळतं.

फॅसिझमला मात्र उलटं करा. फुटपाथवर हिटलरचं आत्मचरित्र हमखास दिसतं, ते पहिलं उचलू नका, तो माणूस तुरुंगात बसून स्वतःचा प्रचार लिहीत होता. आधी वायमार जर्मनीचा, म्हणजे हिटलर सत्तेवर यायच्या आधीच्या जर्मन प्रजासत्ताकाचा इतिहास वाचा, मग हिटलरच्या पुस्तकातल्या थापा आपोआप दिसतात.

स्वस्तात पाहिजे असेल तर ६ डिसेंबरला शिवाजी पार्कात जा. पुस्तकांचे स्टॉलच स्टॉल, पुस्तिका उभ्या उभ्या चाळता येतात. फक्त आतलं पान उघडून अनुवादकाचं नाव आणि मूळ प्रकाशनाचं साल बघा, दोन्ही नसेल तर ठेवून द्या.